पाठीवरची तीन टिंबं

विल्फ गॅरड एकदा खड्ड्यात गुडघ्यांवर बसला की त्याला उठवायला दोन माणसं लागतात. तो स्वतः कधी हात मागत नाही. थापी खाली ठेवतो, टोपी सारखी करतो आणि पावसाचा अंदाज घेतल्यासारखा आभाळाकडे बघत राहतो. याचा अर्थ, मला उठवा. आमच्या मंडळात हे सगळ्यांना पाठ आहे.

त्या गुरुवारी चहाची घंटा झाली तरी त्याने टोपीला हात लावला नाही.

घंटा मीच वाजवते. माझं नाव मेव्हिस. मार्लस्टेड पुरातत्त्व मंडळात माझ्याकडे तीन खाती आहेत: चहा, केक आणि टूथब्रश. टूथब्रश म्हणजे खड्ड्यातून निघालेली खापरं आणि हाडं टबात घालून घासायची. आमचा अध्यक्ष लायनेल, निवृत्त भूगोल मास्तर, म्हणतो की खापरं धुणं हे फार शास्त्रीय काम आहे. शास्त्रीय असल्यामुळेच बहुतेक तो ते कधी करत नाही.

दर सप्टेंबरला बार्ली कापून झाली की कबूतरखान्याच्या शेताचा मालक आम्हाला एक कोपरा खणायला देतो, आणि पेरणीच्या आत आम्ही खड्डा बुजवून देतो. इतकी वर्षं खणून काय मिळालं म्हणाल, तर खापरं, मेंढ्यांचे दात, चिलमींचे तुकडे, आणि एकदा लायनेलचंच हरवलेलं पेन. तरी ही सगळी म्हातारी माणसं गुडघे झिजवतात, पावसात भिजतात, आणि एखादं खापर दिसलं की बाळाच्या तोंडावरून हात फिरवावा तशी त्याच्या कडेने माती काढतात. मी तोंडाने कितीही करवादले तरी मला या लोकांचं भारी कौतुक आहे. हे आत्ताच सांगून टाकते, म्हणजे पुढे गोड बोलायला नको.

"विल्फ, चहा गार होतोय!" मी ओरडले.

"आलो," तो म्हणाला, आणि आला नाही.

शेवटी लायनेलने आणि मी जाऊन त्याला उभं केलं. त्याची एक मूठ मिटलेली होती. तंबूत आल्यावर त्याने खिशातून पेपरमिंटच्या गोळ्यांची डबी काढली, त्यातल्या गोळ्या माझ्या हातावर ओतल्या, डबीत टिशू पेपर घातला, आणि मुठीतलं ढेकूळ त्यावर अलगद ठेवलं. हे सगळं आमच्याकडे न बघता.

"काय सापडलं?" लायनेलच्या हातातला केक तसाच राहिला.

"काही नाही. आयव्हीचं आहे."

बाहेर कापलेल्या शेतात कावळे दाणे टिपत होते. मग कोणीतरी उगाचच म्हणालं की या वर्षी केक छान झालाय. केक दर वर्षी तोच असतो.

आयव्ही म्हणजे विल्फची बायको. गेल्या फेब्रुवारीत गेली. ती एक दिवसही खड्ड्यात उतरली नाही. म्हणायची, "माझी कंबर माझ्या मालकीची आहे, इतिहासाच्या नाही." पण खणाई संपत आली की आम्ही गावातल्या मुलांना शेतात बोलावतो. खड्ड्याशेजारी एक पट्टी आखून त्यांना छोट्या थाप्या देतो. मुलांना मेंढीचा दात सापडला तर ती रडतात. म्हणून आयव्हीने एका वर्षी त्या पट्टीत पुरायला जुन्या धर्तीचे नकली दागिने करायला घेतले. स्वयंपाकघरात बसून प्लॅस्टरचे साचे करायचे, दुधाच्या जुन्या पातेल्यात कथील वितळवायचं आणि ओतायचं. त्यातून डुकरं निघत, घोडे निघत, स्वतःची शेपटी चावणारे लांबुडके प्राणी निघत. विल्फ शेडमध्ये बसून त्यांच्या कडा कानशीने घासायचा आणि जुनेपणा यावा म्हणून तपकिरी बूटपॉलिश चोळायचा. खाचांमधून आयव्ही सोनेरी नेलपॉलिश भरायची. डोळे लाल नेलपॉलिशचे.

मी म्युझियममध्ये काचेआड ठेवलेल्या वस्तू पाहिल्या आहेत. छान असतात. पण आयव्हीचं डुक्कर जसं तुमच्याकडे बघून हसायचं, तसं तिथलं एकही हसत नाही.

लायनेल मात्र पहिल्या वर्षी फार भडकला होता. "तू शेत बाटवतेस आयव्ही! उद्या कोणाला हे सापडलं आणि खरं वाटलं तर? अख्ख्या परगण्याचा इतिहास उलटापालटा होईल!" आयव्हीने त्याचं सगळं ऐकून घेतलं आणि त्या दिवसापासून प्रत्येक नगाच्या पाठीवर तीन टिंबं काढायला सुरुवात केली. साचा ओला असतानाच रफूच्या सुईने तीन टोचे मारायची, की कथलावर तीन उंचवटे उमटायचे. "हे बघ लायनेल," ती म्हणाली, "आता फसला तर तो स्वतःच्या कर्माने फसला." मुलांना दर वर्षी बरेचसे नग मिळायचे, पण सगळे कधीच नाही. कुठे पुरले हे आयव्ही लिहून ठेवत नसे. लिहून ठेवलं तर शोधायचं काय, असं तिचं म्हणणं.

आणि या वर्षीचा आमचा खड्डा वाढत वाढत नेमका मुलांच्या त्या जुन्या पट्टीत शिरला होता. त्यामुळे विल्फ म्हणाला त्यावर अविश्वास दाखवण्यासारखं काही नव्हतं.

लायनेलला मात्र राहवेना. "बघू तरी. पाठ जरा साफ कर की. टिंबं दिसली की झालं."

"धातू धुवायचा नाही," विल्फ म्हणाला.

"अरे, कथलाला काय होतंय!"

"धातू धुवायचा नाही, घासायचा नाही, मातीसकट ठेवायचा. तंबूच्या दारावर लिहिलंय. तुझ्याच अक्षरात."

लायनेलने दाराकडे बघितलं. खरंच लिहिलं होतं, आणि खाली दोन रेघाही मारल्या होत्या. बिचारा स्वतःच्याच नियमात अडकला आणि मुकाट्याने केक खाऊ लागला. सगळे हसले. विल्फही हसला. पण डबीचं झाकण लावताना मी त्याच्या शेजारीच होते. ढेकळातून एक कान आणि गळ्याचा बाक वर आला होता, आणि त्या कानाखाली मातीत एक ठिपका होता. मोहरीएवढा. निळा.

आयव्हीने डोळ्याला कधी निळा रंग वापरला नाही. निळं नेलपॉलिश कोण लावतं, असं ती म्हणायची.

मी तोंडात विल्फची पेपरमिंटची गोळी टाकली आणि गप्प बसले. मी गप्प बसले हे कोणाच्या लक्षात कसं आलं नाही याचं मला आजही नवल वाटतं.

संध्याकाळी खड्ड्यावर प्लॅस्टिक अंथरायचं काम माझंच. कडेने विटा ठेवत ठेवत मी विल्फच्या कोपऱ्यात आले. त्याचा कोपरा दुरूनही ओळखू येतो. भिंती सुरीने कापलेल्या लोण्यासारख्या सरळ. वर नांगराची काळी माती, तिच्याखाली कोणा जुन्या माणसांनी अंथरलेला गारगोट्यांचा सलग थर, आणि त्या थराच्या खाली, चिकणमातीत, एक लांब खिळा ठोकलेला. खिळ्याला चिठ्ठी बांधलेली.

आमच्याकडे पद्धतच आहे ती. वस्तू सापडली की ती उचलण्याआधी तिच्या जागी खिळा मारायचा. चिठ्ठीवर तारीख, खोली, काय सापडलं ते आणि शोधणाऱ्याचं नाव. कारण जागा गेली की वस्तू मुकी होते, मग ती सोन्याची का असेना. मी वाकून बघितलं. अक्षर विल्फचं. तारीख आजची. खोली लिहिलेली. 'काय सापडलं' या जागी मात्र काहीच लिहिलेलं नव्हतं.

मुलांच्या थाप्या नांगराच्या मातीखाली कधी गेल्या नाहीत. गारगोट्यांचा थर कुठे फुटलेला नव्हता. आयव्ही कितीही हुशार असली तरी अंथरलेल्या दगडांच्या खाली, दगड न हलवता, डुक्कर पुरणं तिलाही जमलं नसतं.

शनिवारी परगण्याच्या म्युझियमकडून इमोजन येणार होती. दर वर्षी येते, आमच्या खणाईतल्या वस्तू बघते, नोंदवते. तिच्यासमोर ही डबी आली नाही आणि रविवारी खड्डा बुजला, की मग ती वस्तू कायमची आयव्हीची. कोणाला काही कळणार नव्हतं. मी प्लॅस्टिक ओढलं, विटा ठेवल्या आणि घरी गेले. लायनेलला फोन करायचा विचारसुद्धा माझ्या मनात आला नाही.

शुक्रवारी संध्याकाळी मी दोघांपुरते मासे आणि बटाट्याच्या फोडी बांधून घेतल्या आणि विल्फच्या दारात उभी राहिले.

"व्हिनेगर जास्त घातलंस का?" त्याने दार उघडून पहिलं हे विचारलं.

"घातलंय. आत घेतोस की इथेच खाऊ?"

स्वयंपाकघर जसंच्या तसं होतं. आयव्हीचा कोट खुंटीला. तिचे दोन चष्मे खिडकीत. कथलाचं ते पातेलं वरच्या फळीवर. टेबलाच्या मधोमध पेपरमिंटची डबी, मिठाच्या बरणीला टेकून. आम्ही कागदातूनच खायला लागलो. माशावरचं तळलेल्या पिठाचं कवच तो आधी काढून खातो, लहान मुलांसारखं.

"खिळा बघितला मी," मी म्हणाले.

"कुठला खिळा?"

"विल्फ, मी टूथब्रशवाली आहे, आंधळी नाही."

तो चावत राहिला.

"नकली वस्तूला खिळा कोण ठोकतं रे?"

"हात गेला आपोआप. सवय."

"आणि खोली मोजली तीही हातानेच का? डोकं घरी ठेवून आला होतास?"

त्याने काटा खाली ठेवला. मला वाटलं, आता हा मला घराबाहेर काढणार. पण तो डबीकडे बघत म्हणाला, "तिने सगळी वाटून टाकली, मेव्हिस. मी म्हणायचो, अगं एक तरी आपल्याला ठेव. तर म्हणायची, तुझ्यासाठी पुढच्या वर्षी खास करते. दर वर्षी पुढच्या वर्षी. या घरात तिचा कोट आहे, चष्मे आहेत, अर्ध्या औषधाच्या बाटल्या आहेत. तिच्या हातचं एक नाही."

"साचे?"

"साचा फोडल्याशिवाय नग निघत नाही. शेडमागे चुरा पडलाय सगळा."

माझ्या डोक्यावरच्या टोपीला आयव्हीचं डुक्कर लावलेलं होतं. माझ्या साठाव्या वाढदिवसाला तिने दिलेलं. लायनेलच्या किल्ल्यांना तिचा घोडा आहे. गावातल्या निम्म्या पोरांच्या खोक्यात तिचं काही ना काही आहे. फक्त या माणसाकडे नाही, ज्याने त्या सगळ्यांच्या कडा घासल्या. हा हिशेब आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात कधी आला नाही, याची मला तिथे बसल्या बसल्या लाज वाटली.

"माती काढत होतो," तो पुढे म्हणाला, "आणि कान दिसला. मला वाटलं, आली. एवढंच वाटलं, आली. मग बोट खाली गेलं आणि वर बघितलं तर दगड सलग. लगेच कळलं मला. पण तोवर मनाने तिला घरी आणलं होतं ना."

"मग आता?"

"पाठ पुसली की संपलं. नाही पुसली तर तिचीच आहे."

बाहेर कोणीतरी कुत्रं फिरवायला नेत होतं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि ते व्हिनेगरमुळे आलं असं मी सांगितलं. मग मनात होतं ते बोलून टाकलं.

"ठेव तुझ्याकडे. मी कोणाला बोलणार नाही. आतापर्यंत या परगण्याचं त्या वस्तूवाचून काही अडलं नाही, पुढेही अडणार नाही."

"आणि खिळा?"

"सकाळी जाऊन काढते मी."

मी चर्चमधली दानपेटी फोडायला सुचवलं असतं तर त्याने माझ्याकडे जसं बघितलं असतं, तसं बघितलं.

"खिळ्याला हात लावायचा नाही," तो म्हणाला.

"बरं बाबा."

"मेव्हिस, शपथ घे."

"घेतली. खा आता, गार होतंय."

निघताना त्याने मला दारापर्यंत सोडलं आणि व्हिनेगर जास्तच झालं होतं असं सांगितलं.

शनिवारी गावच्या सभागृहात आम्ही टेबलं लावली. पांढरे ट्रे, त्यात धुतलेली खापरं, दात, चिलमी. इमोजन तिच्या छोट्या गाडीतून आली. पोरगी वयाने माझ्या नातीएवढी, पण प्रत्येक खापर असं उचलते, जणू ते आत्ताच तिला कोणी भेट दिलंय. तिच्यावर माझा फार जीव आहे. लायनेल तिला मेंढ्यांच्या दातांवर भाषण देत होता. ती खरंच ऐकत होती. विल्फ आला नव्हता.

मी चहा ओतत होते आणि दाराकडे बघत होते. एका कपात दोनदा साखर घातली. तो कप लायनेलला दिला.

ट्रे संपत आले तेव्हा दार उघडलं. विल्फने टाय लावला होता. आयव्हीच्या दफनाला लावला होता तोच. तो थेट टेबलाशी आला, इमोजनसमोर डबी ठेवली आणि तिच्याशेजारी खिळा आणि चिठ्ठी ठेवली. चिठ्ठीवरची ती रिकामी जागा आता भरलेली होती. 'चकती, धातूची, नक्षीदार.'

"हे एक राहिलं," तो म्हणाला. "माझ्या कोपऱ्यात, गारगोट्यांच्या थराखाली, चिकणमातीत. त्या दिवशी मी हे आयव्हीचं आहे म्हणालो. ते चूक होतं. खिळा मी सकाळी सगळी मापं पुन्हा घेऊनच काढलाय."

लायनेलने तोंड उघडलं. मी त्याच्या पायावर पाय दिला. त्याने तोंड मिटलं.

इमोजनने डबी उघडली. दिवा जवळ ओढला, भिंग लावलं. बांबूच्या काडीने ती एकेक कण माती सोडवू लागली. आम्ही सगळे टेबलाभोवती दाटीवाटीने उभे होतो. मातीतून ते हळूहळू वर आलं. अंगठ्याच्या नखाएवढं. एक प्राणी, कोल्हा म्हणा, कुत्रा म्हणा, मान पूर्ण मागे वळवून स्वतःची शेपटी दातांत धरलेला. शेपटीची दोरी झालेली, दोरीची गाठ झालेली, आणि ती गाठ पुन्हा त्याच्या पोटाखालून गेलेली. केसाएवढ्या रेषा. काशाचं अंग हिरवं पडलेलं, पण खाचाखाचांत सोन्याचा मुलामा शाबूत. आणि निळ्या काचेचा डोळा.

"बाई गं," मी म्हणाले. मला एवढंच बोलता आलं. इतकं बारीक काम केलेल्या माणसाकडे ना असा दिवा होता, ना भिंग. त्याचा हात जराही हलला नव्हता.

"लगामावरची असेल, किंवा एखाद्या छोट्या पेटीवरची," इमोजन म्हणाली. "हजार वर्षांच्या पलीकडची, नक्कीच. मिस्टर गॅरड, आता पाठ बघायची आहे. तुम्ही धरता का? तुमचा हात स्थिर आहे."

विल्फने ती दोन बोटांत धरली आणि पालथी केली. काडी फिरू लागली. मी त्या चकतीकडे बघत नव्हते, विल्फच्या तोंडाकडे बघत होते. सगळं ठाऊक असूनही तो टिंबं शोधत होता. माणूस किती वेडा असतो.

टिंबं नव्हती.

त्याने हलकेच श्वास सोडला. "बरं," म्हणाला.

"थांबा, हलवू नका," इमोजन म्हणाली. "ही दोन भोकं मूळची. खिळे मारून बसवायची. पण हे तिसरं बघा. हे नंतर पाडलंय. आणि इथे, टाचणीचा गंज. कोणीतरी ही चकती मोडक्या पेटीवरून किंवा लगामावरून काढून घेतली आणि तिचा ब्रोच केला. हे काम करणारा काही कारागीर नव्हता. भोक वाकडं गेलंय, कड उगाच घासली आहे. घरच्या घरी केलेलं आहे हे."

"शेडमध्ये," विल्फ म्हणाला.

"शेडमध्ये," ती हसून म्हणाली.

"कोणासाठी तरी."

"हो. बहुतेक कोणासाठी तरीच."

विल्फने भिंग मागून घेतलं आणि त्या वाकड्या भोकाकडे बराच वेळ बघितलं. पुढची ती अप्रतिम नक्षी सोडून तो मागचं ते ओबडधोबड भोकच बघत बसला. "कानस बोथट होती त्याची," शेवटी म्हणाला, आणि चकती इमोजनच्या तळहातावर ठेवली. ठेवताना त्याचं बोट क्षणभर तिथे रेंगाळलं. मग त्याने हात मागे घेतला आणि चहा मागितला.

लायनेल रुमालाने चष्मा पुसत होता आणि चष्मा काही स्वच्छ होत नव्हता.

रविवारी खड्डा बुजवायचा. त्याचाही आमच्याकडे एक रिवाज आहे. माती लोटण्याआधी तळाशी त्या वर्षीचं एक नाणं ठेवायचं. पुढे कधी कोणी इथे खणलं तर त्याला कळावं की इथे आधीच येऊन गेलंय कोणी, आणि केव्हा. नाणं ठेवण्याचा मान अध्यक्षाचा. लायनेल तो कधी सोडत नाही, दरवेळी नवं कोरं नाणं शोधून आणतो आणि छोटंसं भाषणही करतो. त्या दिवशी त्याने नाणं विल्फच्या हातावर ठेवलं.

"तू ठेव," म्हणाला. "आणि विल्फ... आयव्हीने शेत बाटवलं म्हणून मी इतकी वर्षं ओरडलो. तिने कधी कोणाला फसवलं नाही. मला हे ती असताना बोलायला हवं होतं."

"तिला ठाऊक होतं ते," विल्फ म्हणाला. "तुला चिडवायला मजा यायची तिला, म्हणून गप्प राहायची."

आम्ही विल्फला खड्ड्यात उतरवलं. मी सकाळपासून ठरवून ठेवलं होतं, पण आता हात उचलेना. शेवटी मी टोपी काढली, डुकराची टाचणी सोडवली आणि खाली वाकून ते त्याच्या हातात दिलं.

"हे काय?"

"तुझं. माझ्याकडे बरीच वर्षं राहिलं. आता घरी घेऊन जा. मिठाच्या बरणीला टेकवून ठेव. आणि एक शब्द बोलू नकोस, नाहीतर मी परत घेईन."

त्याने डुक्कर उलटं केलं, अंगठ्याने पाठीवरची तीन टिंबं चाचपली. आंधळा माणूस ओळखीचा चेहरा चाचपतो तशी. पुन्हा पुन्हा. मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू. वाटलं, झालं बाई, एक तरी काम नीट झालं या जन्मात.

आणि मग तो गुडघ्यांवर बसला. खिळा होता त्या जागी, चिकणमातीत, बोटाने छोटी खळगी केली. लायनेलचं नवं नाणं तिच्यात ठेवलं. आणि त्याशेजारी माझं डुक्कर ठेवलं.

"ए!" मी ओरडले. "अक्कल गहाण ठेवलीस का? ते तुला ठेवायला दिलंय!"

"ठेवलंच की."

"घरात! घरात ठेवायला दिलंय, मूर्ख माणसा! माझं होतं ते, माझ्या साठीचं!"

"मेव्हिस," तो वर न बघताच म्हणाला, "तिने यांतलं एकसुद्धा फळीवर ठेवायला केलं नाही. मातीत घालायला केली, आणि कोणाला तरी सापडायला. घरात ठेवलं तर मी त्याच्याकडे बघत बसेन. इथे ते कोणाची तरी वाट बघेल."

मी चिडलेलीच होते. अजूनही थोडी आहे. टोपीवर जिथे डुक्कर होतं तिथलं कापड ऊन न लागल्यामुळे गडद राहिलंय, आणि ती जागा रोज डोळ्यांत खुपते. पण खळगीत ते डुक्कर आपलं वर बघून हसत होतं. जागा त्याला अगदी मानवल्यासारखी. त्याच्यावर कोण किती दिवस रागावणार?

विल्फने थापी खाली ठेवली, टोपी सारखी केली आणि आभाळाकडे बघितलं. लायनेल हात द्यायला पुढे झाला.

"थांब," मी विल्फला म्हणाले. "असं नको ठेवूस. उलटं कर."

"उलटं?"

"पाठ वर कर. ज्याला कोणाला सापडेल त्याला आधी टिंबं दिसू देत. नाहीतर परगण्याचा इतिहास उलटापालटा होईल."

त्याने माझ्याकडे बघितलं. मग पुन्हा वाकला, डुक्कर दोन बोटांत उचललं, पालथं करून ठेवलं आणि टिंबांवरची माती फुंकून काढली. तिन्ही स्वच्छ दिसत होती. आम्ही त्याला वर घेतलं आणि फावडी उचलली.